टेकडीवर बसलेली नावाडीण

रविवार, ३ ऑगस्ट

पुन्हा बुडालो! चारही गावे पाण्याखाली, बांध घातला तो एकच, आणि कॉफी थंड.

आज आडी अठरा, आडी महिन्यातला नदीचा सण. कावेरीला नवे पाणी आले म्हणून अर्धे तंजावर चित्रान्नाचे डबे बांधून तिरुवैयारूच्या घाटावर गेले होते, नदीला हळदीकुंकू वाहत होते. आणि इथे हॉलमध्ये पंख्याखाली आम्ही तीन म्हातारे नदीला पुठ्ठ्याच्या पटावर अडवीत होतो. "सगळं गांव पाण्याला ये म्हणतंय, आम्ही तिघेच जा म्हणतों," सेतुमाधव म्हणाला. "देव कुणाचं ऐकेल?"

ह्याच माणसाने — शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझीच उत्तरे उतरवणाऱ्या आणि पुढे रेल्वेत जन्मभर हिरवे निशाण हलवणाऱ्या माणसाने — आज माझ्यावर पदरचे नियम बनवल्याचा आरोप केला! तेव्हा नियम येथे नोंदवून ठेवतो.

एक. खेळाडू चार. ते एकमेकांविरुद्ध नाहीत. चौघे मिळून पुराविरुद्ध. जिंकले तर चौघे, बुडाले तर चौघे. दोन. दर फेरीला पाणी चढते. तीन. ज्या गावाचा पत्ता अभियंत्याच्या हाती, त्याच गावी त्याला बांध घालता येतो. मात्र त्याला पाणी ओलांडता येत नाही. नावाडीण होडीतून नेईल तिथेच तो जाईल. चार — सर्वांत महत्त्वाचा. हातातले पत्ते कोणी कोणाला दाखवायचे नाहीत, सांगायचे नाहीत, खुणावायचे नाहीत.

पाचवा नियम माझा, हे मान्य. जो ज्या खुर्चीवर, त्याचे ते मोहरे. पहिल्याच रविवारी सेतुमाधव आणि मणी मोहऱ्यांवरून शाळकरी पोरांसारखे भांडले, म्हणून करावा लागला. सर्वांनी तेव्हा तो मान्य केला होता.

अभियंता मी. सेतुमाधव कोठारी, मणी दवंडीवाला. नावाडीण अंबुजा, माझी बायको.

अंबुजा जाऊन वर्ष झाले. तिची खुर्ची रिकामी असते, आणि तिचे निळे मोहरे पटावरच्या टेकडीवर ठेवलेले असते, जिथे पाणी पोचत नाही. मीच ते हलवावे असे मणी सुचवतो. अशक्य! माझे पत्ते मला ठाऊक. ते ठाऊक असताना नावाडीणही मीच चालवली तर ती उघड फसवणूक होईल.

"कुणाची?" सेतुमाधवाने विचारले.

"पुराची," मी म्हणालो.

त्यावर तो इतका हसला की कोठारी पटावरून खाली पडला. मणीची कीळवासलला कॉफीपूड दळण्याची गिरणी आहे. त्याचे मराठी शेजाऱ्यांकडून आलेले, आणि आमच्यापेक्षा निर्भय. तो म्हणाला, "सार, होडी घेऊन डोंगरावर बसणारी नावाडीण मी कुठंच बघितली नाहीं. मॅडम वरून आम्ही बुडतांना बघतायत. पाप नाहीं कां?"

पाप! वर्षभर ही टिंगल मी सहन करीत आलो आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

गेल्या महिन्यातले वर्षश्राद्ध आठवले. पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी घामाघूम, मी दर्भ धरून उभा. मागून सेतुमाधव म्हणाला, "थांबा थांबा. तिला साडी निवडायला वेळ लागतो."

मी हसलो. भर श्राद्धात, ओल्या धोतराने! हात धुताना मग दुसरेच काही झाले, पण नळ चालू होता. कोणाला कळले नाही.

रविवार, १० ऑगस्ट

भांडण. नीट, क्रमाने लिहितो.

तिसऱ्या फेरीत पाणी माझ्या पायाशी आले. होडी टेकडीवर. मी नियमाप्रमाणे "अभियंता थांबतो" असे म्हणालो. सेतुमाधवाने हातातले पत्ते टाकले — पालथे नव्हे, सुलटे! हा थेट नियमभंग.

"वर्षभर बोललों नाहीं, सांबा. दुखवटा म्हणून. आतां वर्ष सरलं, बोलतों. ती खुर्ची भरायची. नाहीं तर पापनाशमहून बस धरून मी इथं बुडायला येत नाहीं. बुडायला आमच्याकडे कालवा आहे."

"कोणाला बसवायचे?" मी विचारले, केवळ सौजन्य म्हणून.

दोघेही एका सुरात, "जयलक्ष्मी."

म्हणजे हे आधी ठरले होते! कट!

जयलक्ष्मी अंबुजाची बालमैत्रीण. तिरुवैयारूला वीणा शिकवते. बोलते मात्र नगाऱ्यासारखी. कुठलेही कागद उचलण्याआधी बोटाला थुंकी लावते. दर भेटीला अशोका हलवा आणते आणि त्याचे तूप निथळत असलेल्या बोटांनी ज्याला त्याला खांद्यावर धरून बोलते. पत्ते दोन रविवारांत पापडासारखे होतील.

मी म्हणालो, "प्रश्न जयलक्ष्मीबाईंचा नाही. ते स्थान शिकवून येत नाही."

"म्हणजे कुणीच नको," सेतुमाधव म्हणाला.

त्याने चपला घातल्या. मणी थोडा रेंगाळला. फ्लास्क उचलला, पुन्हा खाली ठेवला. "सार, आम्हांला जिंकायचं नाहीं. पण दर रविवारीं मयताला आल्यासारखं वाटतंय," म्हणाला, आणि गेला.

फ्लास्क इथेच आहे. धुऊन ठेवला.

सोमवार, ११ ऑगस्ट

ते स्थान शिकवून का येत नाही, हे काल सांगितले नाही. त्या दोघांना सांगण्यासारखे ते नाही. इथे लिहायला हरकत नसावी. ही मराठी लिपी वाचणारा घरात मीच होतो, आणि आता घरातही मीच आहे. कुलपाची गरज नाही.

अंबुजा कधी चुकली नाही. माझ्या हाती तांबडे गाव असो, पिवळे असो. तिची पाळी आली की ती माझ्या मागच्या भिंतीवरच्या बाळकृष्णाकडे पाहून हात जोडी, क्षणभर थांबे, आणि होडी नेमकी तिथे नेई जिथे मला जायचे असे. एक शब्द नाही, एक खूण नाही. मणीला वाटे आम्ही टेबलाखालून पाय मारतो. त्याने एकदा वाकून खात्रीही करून घेतली!

"हें कसं कळतं तुला?" मी विचारी.

"तुमच्या तोंडावर दिसतंय कीं," ती म्हणे, आणि मुरुक्कूचा तुकडा मोडून तोंडात टाकी.

मी तोंड अगदी कोरे ठेवत असे. परीक्षागृहात उभे राहून राहून ते मला साधलेले. महाविद्यालयात जन्मभर प्रकाशशास्त्र शिकवले; समोरच्या पोरांपैकी एकालाही माझ्या तोंडावरून कधी काही कळले नाही, फळ्यावरूनही नाही. तिला कळे. तेव्हा एखाद्याने थुंकी लावून पत्ते उचलावेत, "भावोजी, कुठं नेऊं?" म्हणून नगारा वाजवावा, आणि त्याला नावाडीण म्हणावे? नाही.

गेली त्याच्या आदल्या रविवारी आम्ही जिंकलो होतो. चारही बांध. सोमवारी सकाळी ती फिल्टरमध्ये पाणी ओतता ओतता खाली बसली, ती उठली नाही. कॉफी मात्र पुरती उतरली होती. ती मीच ओतून टाकली.

रविवार, १७ ऑगस्ट

कोणी आले नाही. पट मांडला होता, आवरला.

रविवार, २४ ऑगस्ट

एकट्याने खेळलो. खेळाच्या पेटीवर तशी सोय छापलेली नाही, पण मनाईही नाही.

कोठाऱ्याला मी सूचना केली, त्याने ऐकली. दवंडीवाल्याला केली, त्यानेही ऐकली. कोणी वाद घातला नाही, कोणी थंड कॉफीवरून कुरकुर केली नाही, कोणी माझ्या पाळीत स्वच्छतागृहात जाऊन बसले नाही. शिस्तीचा इतका आदर्श खेळ ह्या घरात झाला नव्हता. फार कंटाळवाणा. बुडालो.

मग बसल्या बसल्या मागच्या चित्राकडे लक्ष गेले. सोन्याच्या वर्खाचा, खड्यांचा बाळकृष्ण, आमच्या गावचेच काम, वर काच. हा देवघरात होता. खेळ सुरू झाला त्याच वर्षी अंबुजाने तो हॉलमध्ये आणला. देव देवघरात असावा, असे माझे मत मी तेव्हाच मांडले होते. "त्यालाही रविवारीं करमणूक नको कां?" इति अंबुजा. लावला तोही इतका खाली, आणि वरून पुढे कललेला! मी एकदा दोरी आखडून सरळ करू लागलो, तर हातावर चापट बसली.

आज उठलो, दोरीला हात घातला. आता कोण मारणार?

तसाच राहू दिला.

बुधवार, २७ ऑगस्ट

चतुर्थी. वर्ष सरल्यामुळे यंदा गणपती आणायला हरकत नव्हती. आणला. लहान, मातीचा. मोदक विकतचे. देवाने तक्रार केली नाही; त्यालाही बहुधा कळले असावे की ह्या घरात सध्या काय मिळते.

मणीने मुलाकरवी कॉफीपूड पाठवली. स्वतः आला नाही. फ्लास्क परत द्यायचा राहिला — म्हणजे दिला नाही.

रविवार, ३१ ऑगस्ट

सकाळपासून एकही शब्द बोललो नाही, हे दुपारी ध्यानात आले. आवाज शाबूत आहे का, हे पाहण्यासाठी ओहमचा नियम मोठ्याने म्हटला. शाबूत आहे.

सोमवार, ८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. गुरुजींचा फोन: अविधवा नवमी पुढच्या सोमवारी. अंबुजा सवाष्णपणी गेली, तेव्हा त्या दिवशी तिच्या नावाने एक सवाष्ण जेवायला घालायची, तिला वस्त्र द्यायचे. "कुणी बघून ठेवा. तिच्या ओळखीची असली तर बरं."

आमच्या नात्यातल्या सवाष्णी फोनवर अतिशय हळहळतात, आणि त्या दिवशी नेमक्या कोइंबतूरला असतात. खेळ मला भेट देणारी बहिणीची नात साईप्रिया येते म्हणाली, पण तिचे लग्न व्हायचे आहे. गुरुजी म्हणाले, चालणार नाही.

म्हणजे तिच्या ओळखीची, सवाष्ण, आणि जवळ राहणारी. असे एकच नाव उरते. धर्मशास्त्रही त्या दोघांना सामील!

मंगळवार, ९ सप्टेंबर

जयलक्ष्मीबाईंना फोन केला. शब्द आधी कागदावर जुळवून घेतले होते. पहिले वाक्य पुरे होण्याआधीच नगारा वाजला —

"येत्यें कीं! सवाष्ण आहें, पुरावा हवा तर मुरलीकृष्ण इथं खुर्चींत पेपर वाचतायत, फोटो पाठवूं? अंबुजाच्या पानावर मी नाहीं जेवणार तर कोण? पण भावोजी, वडे कडक नकोत. तिला आवडायचे, मला दांत नाहींत."

सोमवार, १५ सप्टेंबर

नवमी.

तेल-शिकेकाई आदल्या दिवशीच पोचवली होती. बाई न्हाऊन, केसांत फूल माळून, पहिल्या बसने आल्या. पाठोपाठ सेतुमाधव — न बोलावता! दारातच म्हणाला, "माझं भांडण तुझ्याशीं. श्राद्धाच्या जेवणाशीं नाहीं." त्याच्यामागे मणी, बरोबर नवा फ्लास्क. जुना मी मुकाट्याने आणून दिला. त्याने तो उघडून हुंगला. "सार, साबण जास्त," एवढेच बोलला.

गुरुजींनी अंबुजाचे नाव-गोत्र उच्चारून बाईंना पाटावर बसवले. मी पान मांडले. पोळी, खीर, आंबट वरण, मऊ वडे. बाई जेवायला बसल्या, आणि प्रथमच ह्या घरात नगारा वाजला नाही. खाली मान घालून त्यांनी सगळे संपवले. मध्ये एकदा पदराने डोळे पुसले, मग वाटी पुढे केली: "खीर. तिच्या वाटणीची अजून आहे."

वाढली. जांभळी साडी दिली. अंबुजानेच घेतलेली, न नेसलेली.

हे सगळे होईपर्यंत सेतुमाधव दाराशी उभा होता. शेवटी म्हणाला, "पाट दिलास. पान दिलंस. साडी दिलीस, तिच्या नांवानं नमस्कारही केलास. आणि लाकडाची खुर्ची तेवढी जड झाली कां रे तुला?"

गुरुजी हसले. गुरुजी! मी त्यांच्याकडे आधारासाठी पाहिले होते.

ह्याला उत्तर मला भौतिकशास्त्रात सापडले नाही. धर्मशास्त्र तर समोर बसून विडा खात होते. मी म्हणालो, "रविवारी चार वाजता. हात धुऊन."

हात धुऊन आलेल्या बाई सरळ बाळकृष्णासमोर गेल्या. "शिव शिव, काच कशी मळलीय! ती दर रविवारीं तुम्ही खेळायला बसायच्या आधीं ही घासायची. म्हणायची, जयू, भात लावायला विसरेन, पण हें नाहीं." देवघरातून विभूती आणली, चोळली, वर्तमानपत्राने लख्ख पुसली.

केवढी भक्ती होती तिची! माझ्यापाशी तिच्या निम्मीही नाही. मला हे सुचलेही नव्हते.

मंगळवार, १६ सप्टेंबर

कालच्या पोळ्या उरल्या होत्या. खाल्ल्या. झोप लागली.

रविवार, २१ सप्टेंबर, दुपार

सर्वपित्री अमावास्या. सकाळी तर्पण. "अमावास्येला खेळ?" असे मी विचारून पाहिले, सेतुमाधव म्हणाला, "पितर परत जातायत, निरोप द्यायला चौघं हवेतच."

हे स्वयंपाकघरात उभ्याने लिहीत आहे. बाहेर कॉफी चालू आहे. अत्याचार झाला आहे.

मी सगळे योजून ठेवले होते. अंबुजाची खुर्ची पुसली. बाईंसाठी बोटे पुसायचा रुमाल ठेवला. निळे मोहरे स्वतः टेकडीवरून उचलून तिच्या जागेपुढे ठेवले. त्याला किती वेळ लागला ते लिहीत नाही. आणि बाई आल्या, जांभळी साडी सावरली, आणि धपकन बसल्या — माझ्या खुर्चीत!

"बाई, ती माझी."

"ह्या एकीलाच हात आहेत, भावोजी. गुडघे धरून उठायला हवेत. त्या खुर्चींतून मला क्रेननं काढावं लागेल."

मी अभियंत्याचे मोहरे उचलून समोर नेऊ लागलो. सेतुमाधवाने माझे मनगट धरले. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"जो ज्या खुर्चीवर, त्याचे ते मोहरे. नियम कुणाचा?"

"सारचा," मणी म्हणाला.

"मग नावाडीण कोण?"

बाईंनी तोवर बोटाला थुंकी लावून माझे पत्ते उचललेही होते. वर माझ्याच आवाजात, माझ्यासारखी मान ताठ करून म्हणाल्या, "शांतता! कोणी खुणा करायच्या नाहीत!" ते दोघे नालायक टेबलावर डोके टेकून हसत होते.

हाक आली. जातो. त्या खुर्चीत मी आजवर कधी बसलेलो नाही.

रविवार, २१ सप्टेंबर, संध्याकाळ

जिंकलो. चारही बांध.

अंबुजाच्या खुर्चीत बसले की समोर बाळकृष्ण येतो. काच स्वच्छ, चित्र पुढे कललेले. आणि त्या काचेत, अभियंत्याच्या खांद्यावरून, त्याच्या हातातले सगळे पत्ते दिसतात — तांबडे, पिवळे, हिरवे. उलटे, पण लख्ख!

जन्मभर परावर्तन शिकवले मी.

लबाड कुठली! हात जोडत होती!

मी मान खाली घातली. सेतुमाधवाला वाटले मी रडतो आहे; त्याने बाईंचा रुमाल माझ्यापुढे सरकवला. मग मी मान वर केली, बाळकृष्णाला हात जोडले, होडी पाण्यात लोटली आणि जयलक्ष्मीबाईंना सरळ पिवळ्या गावी नेले.

"अगोबाई! तुम्हांला कसं कळलं, भावोजी?"

"तुमच्या तोंडावर दिसतंय कीं," मी म्हणालो, आणि मुरुक्कूचा तुकडा मोडला.